ब्याण्णव मैलांची तबकडी

मी, हेडली जेम्स पेंगिली, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा जुन्या मोटरसायकलींचे झिजलेले स्पीडोमीटर आणि इतर मीटर पूर्ववत करून देणे, राहणार वुल्फ्राम स्ट्रीट, ब्रोकन हिल, न्यू साउथ वेल्स, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे आणि माझ्या वैरांचे काय करावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. हात थरथरतो, तेव्हा अक्षरही थरथरलेले दिसेल. डोके थरथरत नाही. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी दारू पाजलेली नाही, आणि लाडीगोडी लावायला गेल्या कित्येक वर्षांत कोणी फिरकलेलेही नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. तपासून झाल्यावर ते म्हणाले, "हेडली, बुद्धी अगदी शाबूत आहे तुमची. हृदयाचं मात्र काही खरं नाही." मी म्हटले, "ते होतं का कधी, हे गावात विचारून बघा." ते हसले. मी विनोद केला नव्हता.

याआधी मी तीन मृत्युपत्रे केली. ती तिन्ही रद्द समजावीत. त्यांत मी नको तितका भला वाटतो.

कलम १. वुल्फ्राम स्ट्रीटवरचे माझे पत्र्याचे घर, मागची कामाची शेड, दोन्हींतले सामान आणि बँकेत जे काही उरेल ते माझी मुलगी टॅमसिन हिला द्यावे. मृत्युपत्राची व्यवस्था पाहायचे कामही तिनेच करावे. टॅमसिन, तू अकरा वर्षांत दोनदा आलीस आणि दोन्ही वेळा मोटेलात उतरलीस, कारण इथल्या लाल धुळीने तुला शिंका येतात. आता धूळही तुझीच. मात्र घर मिळण्याला एक अट आहे. ती कलम ७ मध्ये आहे. आधी कलम ५ वाच, मग ७. उलट्या क्रमाने वाचायची तुझी सवय मला माहीत आहे.

कलम २. माझी घटस्फोटित पत्नी एव्हिस हिला काही नाही. घर सोडताना तिने भिंतीवरचे घड्याळ नेले, ते तिच्याकडेच राहू द्यावे. ते रोज चार मिनिटे मागे पडते. दुरुस्त करायला मला दहा मिनिटेही लागली नसती, पण ती ते नेणार हे मला आदल्या आठवड्यातच कळले होते.

कलम ३. माझी हत्यारे. छोटा लेथ, काटा उपटायचा चिमटा, काचेवरची कडी उघडायची साधने, केसाएवढ्या स्प्रिंगांचे डबे, आकडे छापायच्या रेशमी जाळ्या, पितळी चाकांचे सगळे खण. हे सर्व जुन्या सामानाच्या बाजारात विकावे, पण एकेक वस्तू वेगळी, आणि शक्यतो वेगवेगळ्या गावांत. पूर्ण संच एका हाती जाता कामा नये. हा संच जमवायला मला पन्नास वर्षे लागली. कुणा नवशिक्याला तो आयता मिळून त्याने स्वतःला कारागीर म्हणवावे ही माझी इच्छा नाही.

कलम ४. जुन्या मोटरसायकलींच्या आमच्या क्लबाचे आजन्म मुख्य परीक्षक श्री. क्लेम रॉवेट यांना माझी निळी वही द्यावी. क्लेम, तू प्रदर्शनात दर वर्षी भिंग घेऊन हिंडतोस, आणि ज्या मीटरची तबकडी, म्हणजे काट्यामागचा आकड्यांचा पत्रा, कारखान्यातून आली तशीच, हात न लागलेली असेल त्याला जादा गुण देतोस. वहीत एकोणीस तबकड्यांची यादी आहे. गाडीचा नंबर, मालक, वर्ष, सगळे आहे. या एकोणीस तबकड्यांना तू "अस्सल" म्हणून पदके दिलीस. त्या सगळ्या माझ्या शेडमध्ये छापल्या आहेत. डाग पाडायला मी चहाचे पाणी वापरले. यादीत अकरावी तबकडी तुझ्या स्वतःच्या गाडीची आहे. ती विकत घेताना तू मला सांगितलेस, "हेडली, असलं काम आता कोणाला जमत नाही." मी मान डोलावली होती.

वहीची एक प्रत क्लबाच्या सूचनाफलकावर लावावी.

कलम ५. माझा धाकटा भाऊ लायल पेंगिली, वय पंचाहत्तर, याला मी एक तबकडी देतो. ती माझ्या कामाच्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात, तंबाखूच्या चपट्या डब्यात, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली आहे. ती काय आहे हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

१९८० च्या प्रदर्शनात मी माझी स्वतःची गाडी लावली होती. क्लेम भिंग घेऊन आला. "तबकडी मूळचीच?" त्याने विचारले. मी म्हटले, "मूळचीच." लायल शेजारी उभा होता. भावाचे कौतुक त्याच्या पोटात मावत नव्हते. तो म्हणाला, "काय सांगतोस हेडली! गेल्याच महिन्यात छापलीस की! जाळी मी धरली होती. क्लेम, बघ तर खरं माझ्या भावाचा हात! कारखाना झक मारेल याच्यापुढे!"

भोवती चाळीस माणसे होती. मला परीक्षक मंडळातून काढले. पुढे दोन वर्षे लोक मला मीटर देताना हसायचे, "हेडली, मूळचाच परत दे हं." घरी येताना लायल म्हणाला, "पण मी खरं तेच बोललो ना रे?" खरे बोलण्याची त्याला फार हौस. मला त्याचा त्या दिवशी राग आला आणि तो आजही गेलेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही अजून जळायचा आहे.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये लायल आपला छोटा मालट्रक घेऊन मेनिंडीच्या रस्त्याला लागत होता. भर दुपार होती. फाट्यावर तो थांबला, त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने दोन्ही बाजूंना पाहिले, रस्ता मोकळा होता, आणि त्याने गाडी पुढे काढली. उंचवट्यापलीकडून डेन्झिल कर्नो आपल्या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलवरून आला आणि गाडीच्या दारावर आदळला. चोवीस वर्षांचा होता. जागेवर गेला. त्याची मोठी बहीण मर्ल आणि लायल यांचे लग्न ठरलेले होते, मे महिन्यातली तारीखही धरली होती.

कोर्टात डेन्झिलच्या मित्रांनी शपथेवर सांगितले की इंजिन नव्याने बांधलेले होते आणि ते रुळेपर्यंत डेन्झिल ताशी पन्नास मैलांच्या वर गाडी नेतच नसे. पन्नासने येणारा माणूस पाहणाऱ्याला दिसतोच. म्हणजे लायलने पाहिलेच नाही. तसा निकाल झाला. मर्लने अंगठी पाकिटात घालून टपालाने परत पाठवली. चिठ्ठी नव्हती.

जुलैमध्ये मर्ल माझ्या शेडमध्ये आली. पोलिसांनी मोडकी गाडी परत दिली होती. तिने फक्त स्पीडोमीटर काढून आणला होता. काच नव्हती, कडी वाकली होती. ती म्हणाली, "तुम्ही लायलचे भाऊ आहात हे माहीत आहे मला. पण हे काम दुसरं कोणी करत नाही. आईला कपाटावर ठेवायचाय. नवा दिसेल असा करून द्या."

"करतो," मी म्हटले.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. गाडी जोरात आदळते तेव्हा आतला काटा तबकडीला चापट मारतो, आणि काट्याचा पांढरा रंग काळ्या तबकडीवर पुसट उमटतो. नखाच्या कातरणाएवढी रेघ असते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दिवा आडवा धरून भिंगातून पाहावे लागते. पोलिसांनी पाहिले नव्हते, कोर्टाने पाहिले नव्हते. मी पाहिले. रेघ ब्याण्णव मैलांवर होती. काट्याच्या खालच्या बाजूचा रंग तेवढ्याच जागी उडालेला होता. पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. आजच्या मापाने ते दीडशे किलोमीटरच्या आसपास होतात, आणि त्या रस्त्यावर मर्यादा होती शंभराची. त्या उंचवट्यापलीकडून ब्याण्णवने येणारा माणूस, तुम्ही वळून पाहता तेव्हा तिथे नसतोच. लायलने पाहिले होते. दोन्ही बाजूंना पाहिले होते.

भिंग अजून माझ्या डोळ्यालाच होते आणि लायल शेडमध्ये आला. त्याच्या हातात पेस्ट्यांची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंज्यांची, पिशवी होती. तो स्टुलावर बसला आणि पिशवी त्याने मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "हेडली, मी खरंच बघितलं होतं का रे?"

तबकडी माझ्या तळहातावर होती. मी मूठ मिटली.

"तुलाच माहीत," मी म्हटले.

"मला वाटतं बघितलं. पण सगळे म्हणतात नाही बघितलं. इतक्या लोकांचं चुकेल का?"

"लोकांचं कशाला चुकेल?"

तो मान हलवत राहिला. "नसेनच बघितलं मग," तो म्हणाला, आणि पेस्टीचा मोठा तुकडा मला दिला. त्या दिवसापासून त्याने स्वतःच स्वतःला दोषी धरले. निकाल कोर्टाने दिला होता, पण शिक्का मी मारला.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बदललेला प्रत्येक भाग, कितीही कुजका असो, पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. माणसाची वस्तू आहे, ठेवायची की टाकायची ते त्याने ठरवावे. मी आयुष्यभर खोट्या तबकड्या विकल्या, पण ही रीत एकदाच मोडली. मर्लला मी नवी तबकडी बसवून दिली, काटा शून्यावर. तिने विचारले, "जुनी?"

"चुरगळली होती. टाकली."

"वेग कळतो का हो यावरून? म्हणजे तेव्हाचा?"

"गाडी थांबली की काटा शून्यावर येतो, मर्ल."

"हो, ते खरं," ती म्हणाली. तिने मीटर शालीत गुंडाळला आणि गेली. तेव्हा बोललो असतो तर मे महिन्यातले लग्न सप्टेंबरात झाले असते.

का बोललो नाही? राग होता हे सांगितलेच आहे. खऱ्याची ज्याला एवढी हौस, त्याला एक खरे मी देत नाही, बस रडत, असे मला वाटले. एक वर्षभर ठेवू, जिरली की देऊ, असे ठरवले होते. पण त्या वर्षात काय झाले ते कोणाला सांगितलेले नाही, ते इथे लिहितो. लायलने गाडी विकली. तो सिडनीला नोकरीला जाणार होता, ते त्याने सोडले. त्याला कोणी बोलावत नव्हते, म्हणून तो दर शनिवारी सायकलवरून माझ्याकडे यायला लागला. एव्हिस घर सोडून गेल्यावर रोज यायला लागला. माझे कपडे धुतो, औषधे आणतो, नखे कापून देतो. मी शिव्या देतो आणि तो म्हणतो, "असू दे." अपराधी माणसासारखा नोकर नाही. मोकळा झाला असता तर त्याला बायको असती, पोरे असती, आणि माझ्याकडे तो नाताळाला एक कार्ड पाठवून मोकळा झाला असता. मला एकटे राहायची भीती वाटत होती. हे लिहायला मला फार जड गेले, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणतात.

मर्लने लग्न केले नाही. लायलनेही नाही. ती दोन गल्ल्या पलीकडे क्लोराइड स्ट्रीटला राहते, सत्तर वर्षांची झाली. तो समोरून आला की ती रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथला जाते. दर मार्चमध्ये तो फाट्यावर जाऊन उन्हात टोपी काढून उभा राहतो. गेल्या मार्चमध्ये परत आल्यावर तो मला म्हणाला, "हेडली, मला बाकी काही नको. मर्लने एकदा या बाजूच्या फुटपाथवरून जावं, एवढंच." मी म्हटले, "चहा टाक."

तर ती तबकडी लायलला. ती कोणत्याही जाणकाराने भिंगाखाली धरली तर त्याला रेघ दिसेल. तबकडीशिवाय माझ्या या लिहिण्याला कवडीची किंमत नाही. मरता मरता भावाने भावाची बाजू घेतली असेच गाव म्हणेल, आणि कलम ४ नंतर तर माझ्या शब्दावर कुत्रेही विश्वास ठेवणार नाही. तबकडी हातात असली तरच मर्ल ऐकेल.

कलम ६. मला जाळावे. स्तोत्रे नकोत. नंतरच्या खाण्यात क्लबातल्या कोणी चीझ स्लॉ, म्हणजे आमच्या गावचे ते किसलेल्या चीझ-गाजराचे सॅलड, आणले तर भांड्यासकट परत पाठवावे.

कलम ७. लायलला दिलेली तबकडी कोणत्याही कायदेशीर कारणाने त्याला मिळू शकली नाही, तर ती टॅमसिनकडे जाईल, आणि टॅमसिनने ती स्वतःच्या हाताने रंग उतरवण्याच्या द्रावणात दहा मिनिटे बुडवून, पत्रा उघडा पडेपर्यंत घासून काढावी. हे तिने तीस दिवसांत, वकिलांसमोर केले तरच तिला घर मिळेल. केले नाही तर घर क्लबाला जाईल. टॅमसिन, लायलकाकाने तुला सायकल शिकवली हे मला आठवते. तरी घर घर असते.

हे कलम का घातले ते सांगतो. गेल्या मंगळवारी मी वकीलबाई हॅलोरन यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी बजावले, "मिस्टर पेंगिली, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका. घेतलीत तर त्याला दिलेलं रद्द होतं. मग त्याला कोर्टात जाऊन भांडत बसावं लागतं."

मी म्हटले, "पुन्हा सांगा."

त्यांनी मोठ्या आवाजात पुन्हा सांगितले. मी बहिरा आहे असे त्यांना वाटले. लायल एकदा कोर्टाची पायरी चढला आहे. दुसऱ्यांदा तो मेला तरी चढणार नाही.

आत्ता सकाळचे अकरा वाजले आहेत. लायल इथेच, स्वयंपाकघरात, माझी कालची ताटे धुतो आहे. थोड्या वेळापूर्वी झालेले बोलणे मुद्दाम नोंदवतो.

"हेडली, काय एवढं लिहितोयस? कादंबरी का?"

"मृत्युपत्र."

"मग मला त्यात घालू नकोस बाबा. तुझा तो लेथ माझ्या खोलीत मावायचा नाही."

"दोन साक्षीदार लागतात. शेजारची डोरीन येतेय. दुसरा तू."

"मी? मी चालतो का पण?"

"हात चालतो ना तुझा? सही करायची. आधी वाचायचं तर वाच."

"बघू," तो म्हणाला आणि तवा घासायला लागला.

मी त्याला एक संधी देतो आहे, आणि ती खरी आहे. सहीच्या वेळी हे सर्व कागद टेबलावर उघडे, त्याच्या बाजूला तोंड करून ठेवीन. कलम ५ सर्वांत वर असेल. त्यात त्याचे नाव मोठ्या अक्षरांत आहे. चष्मा त्याच्या गळ्यात दोरीने लटकतो आहे, तेव्हा दिसले नाही असे नंतर कोणी म्हणू नये. वाचतोस का, असे मी त्याला एकदा नाही, दोनदा विचारीन. त्याने वाचले, तर तो सही करणार नाही. मग डोरीनच्या नवऱ्याला हाक मारू, त्याची सही घेऊ, आणि तबकडी लायलची. तो आजच्या आज ती घेऊन मर्लच्या दारात उभा राहू शकेल, आणि माझी ताटे माझी मी धुवीन. त्या दिवशी फाट्यावर त्याला दोन्ही बाजूंना पाहावे लागले होते. आज फक्त एकाच बाजूला पाहायचे आहे. ज्याला खऱ्याची एवढी चाड आहे, त्याने एवढे करावे.

त्याने वाचावे असे मला वाटते की वाचू नये, हे मी सकाळपासून स्वतःला विचारतो आहे. उत्तर सापडले आहे. ते मी लिहीत नाही.

वर लिहिलेले सर्व मी पूर्ण शुद्धीत लिहिले आहे. डोरीन आली. सही करतो.

ठिकाण : ब्रोकन हिल, वुल्फ्राम स्ट्रीट, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ९ ऑगस्ट २०२३

(सही) हेडली जेम्स पेंगिली

साक्षीदार १ : श्रीमती डोरीन व्हेला, शेजारी. श्री. पेंगिली यांनी आम्हा दोघांसमोर सही केली. (सही)

साक्षीदार २ : लायल पेंगिली, धाकटा भाऊ. हेडलीने माझ्यासमोर सही केली, ती मी बघितली. कागद उघडे होते. वाचतोस का म्हणून त्याने दोनदा विचारलं, मी नको म्हटलं. भावाचं खासगी आहे, आपण कशाला बघायचं. (सही)